रविवारची न्याहारी

नागावला आमच्या नारळाच्या वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. रविवार म्हणजे धंद्याचा दिवस, आणि पाहुण्यांना नाश्ता हवा असतो तो नेमका चर्चमधल्या मिस्साच्या वेळेला. लग्न होऊन या घरात आले तेव्हाच मी सांगितलं होतं, रविवारी आधी चर्च. खोल्या नंतर बांधल्या. माझं म्हणणं तेच राहिलं.

परवाच्या रविवारी घावणे करून डब्यात झाकून ठेवले, चटणी वाटली, चहाचा थर्मास भरला आणि साडी बदलून बाहेर आले. ओटीवरचे मुंबईचे पाहुणे चिडले. त्यांना घावणे तव्यावरून थेट ताटात हवे होते. रिक्षाजवळ उभा असलेला नवरा माझ्याकडे बघत होता. पाहुणा रागावून नेटवर काय लिहील, याची त्याला धास्ती.

"काकू, तुमचा देव तासभर थांबणार नाही का?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

माझं डोकं तापलंच, पण आवाज चढवला नाही. रिक्षात बसता बसता म्हटलं, "थांबेल की. आजवर माझ्यासाठी तोच थांबत आलाय. म्हणून तर त्याला आणखी ताटकळत ठेवणार नाही."