थाळीला न भ्यालेलं पिल्लू

बारकीकडून पिल्लू निवडून घ्यायला माणसं टोकावड्याहून यायची, कधी पार खर्डीकडूनही यायची. वाडी डोंगराच्या कुशीत, समोर सिद्धगड, आणि चढ असा की पाहुणा आधी ओटीवर बसून नुसता धापा टाकणार. तरी यायची. बारकीनं काढलेला कुत्रा वाघाला भीत नाही असं तिचं नावच झालं होतं. वाघ म्हणजे बिबट्या. तिकडे त्याला वाघच म्हणतात, आणि ज्याची शेळी गेली त्याला तो वाघाहून लहान वाटतही नाही.

निवडायची रीत तिला आईकडून मिळालेली. पिल्लं अंगणात सोडायची, त्यांच्या पाठीमागे जायचं आणि पितळी थाळी पळीनं दाणकन वाजवायची. कुंईकुंई करत पळाली ती बाद. जे जागचं हललं नाही ते घरी न्यायचं. सोपं काम, पण बारकी ते अशा थाटात करायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

धाकट्या दिराला, लडकूला, तिनं असंच एक पिल्लू काढून दिलं होतं. टोकावड्याला एका ढाब्यामागे पांढरी कुत्री राहायची, तिचं. त्याचं नाव वाघ्या. लडकूचा नुसता जीव की प्राण. तो वाघ्या पुढे हमरस्त्यावर ट्रकखाली गेला. ड्रायव्हरनं हॉर्नवर हॉर्न मारले, पण वाघ्या पाठ करून उभा राहिला तो राहिलाच. वाडीत ही गोष्ट कौतुकानं सांगत, गाडीलासुदा भ्याला नाय म्हणून. लडकू सांगताना रडायचा, पण मान ताठ ठेवून रडायचा. त्यानंतर त्यानं दुसरा कुत्रा पाळला नाही.

त्याच कुत्रीच्या पुढच्या वेतातलं एक पांढरं पिल्लू बारकीनं आपल्या घरी आणलं. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. थाळी वाजली तशी बाकीची पिल्लं ढाब्याच्या टेबलांखाली घुसली, आणि हे आपलं एका माशीकडे बघत बसलेलं. त्याचं नाव कापशा ठेवलं. तिचा नवरा चांगो तेव्हा भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाला होता. जाताना म्हणाला, "हाक मारली तं बघत पण नाय ह्यो."

"त्याला काय पडलीय तुमची? राजा हाय तो," बारकी म्हणाली, आणि विषय संपला. तिच्या निवडीला नावं ठेवायची कुणाची टाप होती?

चांगो भट्टीवर असतानाच ते घडलं. दुपारची वेळ. कापशा ओटीवर गाढ झोपला होता. बारकीची पोरगी काजल, सात वर्षांची, त्याच्या पोटावर डोकं टेकायला वाकली. तो झोपेतून असा दचकला की वळून तिच्या गालालाच चावला, डोळ्याच्या जरा खाली. मग अंग चोरून कोपऱ्यात गेला. बारकी ओरडली, शेजारणी ओरडल्या, पण तो कुणाकडे वळूनही बघेना.

"पिसाळला," लडकू म्हणाला. तो कुऱ्हाड घेऊनच आला होता. वाडीत समज असा की पिसाळलेलं कुत्रं जिवंत आहे तोवर त्याचं विष माणसात चढत राहतं, ते मेलं की उतरतं. बारकीचाही तोच समज. पण आधी पोरीला दवाखाना, मग कुत्र्याचं काय ते बघू, असं म्हणून तिनं कापशाला शेळ्यांच्या गोठ्यात बांधला आणि काजलला कडेवर घेऊन डोंगर उतरली.

टोकावड्याच्या डॉक्टरनं जखम साबणानं धुऊन धुऊन काढली, पोटात सुई दिली आणि विचारलं, "कुत्रा कुठंय?"

"बांधलाय. दीर मारणार हाय त्याला."

डॉक्टर उठून उभाच राहिला. "मारू देऊ नका. चावा तोंडावरचा आहे. विष असलं तर लवकर चढतं. सुया मी रोज देतो, पण त्या वेळेत पुरतील का, हे मला सांगता येत नाही. कुत्रा सांगेल. पिसाळलेला असला तर दहा दिवसांत मरतो. जगला, तर पोरीला धोका नाही समजा."

बारकी त्या दिवशी डोंगर कशी चढली ते तिलाच ठाऊक. पोर कडेवर, पदर घामानं चिंब, आणि मनात एकच, लडकूनं घाव घातला नसू दे. गोठ्यापाशी पोचली तेव्हा तो दाराची काठी काढत होता.

"भावजी, कुराड खाली ठेवा." मग तिनं डॉक्टरचं बोलणं सांगितलं.

"उलटंच सांगतोय तो."

"उलटं तं उलटं. ह्यो मेला तं माझी पोर जगंल का मरंल ते मला कळायचं कसं?"

लडकू हटेना. तेव्हा बारकीनं भलतंच केलं. कापशाची दोरी सोडून आणली आणि त्याच्याच हातात दिली. "मला रोज खाली जायचंय, सुईला. तुमीच राखा याला. तुमच्या राखणीत मेला, तं काजलचं पाप तुमच्या माथी."

लडकूचं तोंड एवढंसं झालं. तो गोठ्याच्या दारात बसला खरा, पण कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला.

मग रोज तेच. सकाळी डोंगर उतरायचा, जीप धरायची, काजलचं रडणं ऐकायचं, परत चढायचं. गोठ्याचं छप्पर दिसलं की बारकी भराभर पावलं टाकायची. आल्या आल्या ती कापशाचं पाणी बघायची. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं म्हणतात. कापशा पाणी प्यायचा, भातही खायचा. पण हाक मारली तर बघायचा नाही. इतके दिवस तिला जो राजाचा थाट वाटला, त्याचीच आता तिला भीती वाटायला लागली.

एकदा परत आली तर लडकू गोठ्याबाहेर उभा, चेहरा उतरलेला. "मघापासून हाका मारतोय, वयनी. हलत नाय."

कापशा कुडाच्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. बारकीनं हाक मारली, मग ओरडली. त्याचा कानही हलला नाही. काजलला पोटाशी धरून ती मातीत बसली, आणि पोरीचा गाल गरम लागतोय का ते हातानं चाचपत राहिली.

"आये, झोपलाय तो," काजल म्हणाली.

"एवढ्या हाकांनी झोपंल का गो कोण?"

काजल मांडीवरून उतरली आणि कापशा ज्या कुडाला टेकला होता त्या कुडावर तिनं पाय आपटला. कापशानं मान उचलली, जांभई दिली आणि तिला बघून शेपूट हलवायला लागला. "तो असाच उठतो. हाकेनं नाय उठत. त्या दिशी मी पाय आपटायला इसरले."

बारकी उठली. घरात जाऊन थाळी आणि पळी घेऊन आली. काजलकडे बघत बसलेल्या कापशाच्या मागे उभी राहिली आणि दाणकन वाजवली. शेळ्या उधळल्या, कोंबड्या कुडावर चढल्या, लडकूसारखा लडकू दचकला. कापशा काजलकडे बघून शेपूट हलवतच होता. तिनं परत वाजवली. परत तेच.

लडकू थाळीकडे बघत राहिला. "वयनी," तो म्हणाला. "माझा वाघ्या."

बारकीला खोटं बोलता आलं असतं. वाघ्याची ती शूर गोष्ट एवढीच त्याच्याकडे उरली होती. पण तिच्यानं ते बोलवेना. "त्याला हॉर्न आयकूच गेला नसंल, भावजी. ठार बहिरा व्हता तो पन. मीच काढून दिला तुमाला."

लडकू निघून गेला. कुऱ्हाड घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सुईला तर जायलाच हवं होतं. राखणीला कुणी नाही. बारकीनं गोठ्याला काठी लावली आणि निघाली. दिराचा राग तिला माहीत होता. वाघ्याचा सूड तो कापशावर उगवील, या भीतीनं तिचा जीव जीपमध्येही थाऱ्यावर नव्हता. परत येताना छप्पर दिसलं, मग गोठा दिसला, आणि गोठ्याची काठी काढलेली दिसली.

आत लडकू बसला होता. कुऱ्हाड नव्हती. कापशा त्याच्या पायाशी झोपलेला, आणि लडकू त्याच्या कानांवरून हात फिरवत होता, एकदा या, एकदा त्या. "भात खाल्ला यानं," तो म्हणाला.

कापशा दहा दिवस जगला आणि पुढेही बरीच वर्षं जगला. डॉक्टरनं सुया थांबवल्या. काजलच्या गालावर व्रण राहिला, आणि त्या घरच्या ओटीवर पाय आपटून चढायची सवय साऱ्या वाडीला लागली.

पुढच्या साली ढाब्यामागची कुत्री परत व्याली. लडकू आपण होऊन बारकीकडे आला. "चल वयनी," म्हणाला, "थाळी घे." ढाब्यावर पोचल्यावर थाळी त्यानं तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच वाजवली. पिल्लं पळाली. एक पांढरं जागचं हललं नाही. लडकू त्याच्यापाशी उकिडवा बसला, त्याला कुरवाळलं आणि रस्त्यापासून लांब, त्याच्या आईच्या कुशीत नेऊन ठेवलं. मग टेबलाखाली हात घातला आणि सगळ्यांत आधी पळालेलं पिल्लू बाहेर काढलं. ते थरथर कापत होतं. त्यानं ते सदऱ्यात घातलं आणि म्हणाला, "ह्याला आयकू येतंय."