पंख मिटणारं बॉम्बर

मी दुबईला निघालो त्या दिवशी बाबा सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर आले खरे, पण गाडीपासून लांबच उभे राहिले. कामावरून तसेच उठून आले होते, बोटांना लाखेचा लाल रंग होता. आई डोळे पुसत होती आणि बाबा उगाच गाडीची पाटी वाचत होते. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "खेळणीच करूची होती, तर हयच करूची होती." आमच्याकडे आजोबांपासून लाकडी खेळणी करतात. मी एकुलता एक, आणि चाललो होतो कुठे, तर मॉडेलं बनवायच्या कारखान्यात. त्यांना ते लागलं होतं, आणि मला त्यांचं ते बोलणं लागलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दुबईच्या अल क्वोज भागातल्या त्या तापलेल्या शेडमध्ये आम्ही बिल्डरांसाठी छोटे टॉवर आणि व्हिला करायचो. राहायला जवळच्या अजमानला, एका खोलीत सहा बंक. माझ्यासारखे जे इकडे आले त्यांना हे सांगायला नको, आणि जे मागे राहिले त्यांना आम्ही कधी नीट सांगितलं नाही.

मग एका हौशी अरबाची ऑर्डर आली. त्याला अमेरिकेची ध्वनीपेक्षा वेगवान बॉम्बर विमानं हवी होती, चार, ओळीने मांडलेली. ड्रॉइंगं आली आणि मी त्यांच्या प्रेमातच पडलो.

पहिलं बी-५८. त्रिकोणी पंख, बारीक कंबर, आणि बॉम्ब न् जादा इंधन पोटाखाली टांगलेल्या एका लांबट पेटीत. आवाजाच्या दुप्पट वेगाने, खूप उंचावरून शत्रूच्या हद्दीत शिरायचं आणि बाहेर पडायचं, एवढंच त्याचं काम. दुसरं एक्सबी-७०, पांढरंशुभ्र, लांब मानेचं, सहा इंजिनांचं. ते तिप्पट वेगाने जायचं आणि वेगात असताना त्याच्या पंखांची टोकं खाली वळायची. पण तोवर तेवढ्या उंचीवर गाठणारी क्षेपणास्त्रं आली होती. दोनच विमानं बनली, त्यातलंही एक पडलं. इतकं देखणं यंत्र कामालाच लागलं नाही, याचं ते मॉडेल घासताना मला खरंच वाईट वाटायचं.

तिसरं बी-१, जे एका सरकारने रद्द केलं, आणि चौथं त्याचाच सुधारलेला भाऊ, जो पुढच्या सरकारने करायला घेतला. याचा वेग कमी केला, पण जमिनीलगत, डोंगरांच्या आडून, रडारला चुकवत जायची हिकमत वाढवली. बनवलं अणुबॉम्बसाठी, आणि आता त्याला साध्या बॉम्बच्या कामाला लावत होते. आमच्यात नाही का, फिटर म्हणून आलेला ड्रायव्हर होतो! मला ते फार जवळचं वाटलं.

त्याचे पंख हलतात. उडताना, उतरताना पसरलेले आणि वेगात मागे घेतलेले. अरबाला ते मॉडेलमध्येही हलायला हवे होते. माझ्या मॉडेलचा एक पंख मागे जायचा, दुसरा अडायचा. आमचे केरळचे फोरमन कुट्टीभाई रोज येऊन बघायचे. "दोनों विंग साथ में जाना मांगता. यल्ला, जल्दी करो, नहीं तो ऑर्डर खलास!"

शेवटी मी गावी शेजारच्यांच्या फोनवर बाबांना बोलावून घेतलं. मी दुबईला आल्यापासून फोनवर आईच बोलायची; ते नुसते "बरा मा?" विचारून फोन तिच्याकडे द्यायचे. मी म्हटलं, "बाबा, एक बॉम्बर करतोय, त्यात अडलोय."

"बॉम्ब? तू थंय बॉम्ब करतंस?" त्यांचा आवाज चढला. मागे आई रडायलाच लागली.

मी घाईघाईने मॉडेलचं सांगितलं. मग विमानाचं. 'बी-वन'वरून त्याचे वैमानिक त्याला लाडाने 'बोन' म्हणतात, म्हणजे हाड, हेही सांगितलं.

"हाड? कुत्र्याक म्हणतत तसा?" आणि बाबा हसले. किती काळाने मी ते हसणं ऐकत होतो! मग म्हणाले, "पंख कित्याक फाटी घेतत?" वेग वाढवायला मागे घेतात, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "एका खुंटीवर नको. दोन घाल. पोटात पट्टी जोड, एक हलयलो काय दुसरो आपोआप हलतलो."

तसंच केलं, आणि दोन्ही पंख एकदम मागे गेले. खऱ्या विमानाच्या पोटात बॉम्ब असतात, माझ्या विमानाच्या पोटात बाबांची पट्टी होती. हे कळवल्यावर बाबा नुसते "बरा झाला" म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

दोन हजार सालानंतरच्या एका सुट्टीत बायको-मुलीला घेऊन गावी गेलो. बाबांच्या दुकानाच्या फळीवर, लाकडी फळांच्या शेजारी, पिवळ्या विमानांची रांग होती. मुलीने एकाचा पंख ओढला, दुसरा आपोआप मागे गेला. "आजोबा, धिस इज सो कूल!" मी काही विचारणार, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. पुण्याकडचे गृहस्थ असावेत. विमान हातात घेऊन म्हणाले, "हे काही सावंतवाडीचं नाही. बाहेरून आणलेलं दिसतंय."

बाबा चिडलेच. "भायरचा कित्याक? आमच्या घरचाच काम ता. माझो झील करता. दुबयत आसता."

तो झील, त्यांचा मुलगा, म्हणजे मी, फळीच्या मागेच उभा होतो. त्यातलं एकही विमान मी केलेलं नव्हतं; फोनवर ऐकलेल्या माझ्या बॉम्बरवरून ती बाबांनीच केली होती.

लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर कुठलं म्हणायचं? अजमानचा फ्लॅट आहे, मुलीची शाळा, मित्र, सगळं इथेच आहे. पण मी दूर असतानाही माझं काम जिथे घरचं म्हणून विकायला ठेवतात, ते माझं घर.