बत्तीवाल्याचा खंड

माणूस गेल्यावर भेटायला येणाऱ्यांचे धीराचे शब्द लवकर संपतात. मग चहाचा कप खाली ठेवून कोणीतरी म्हणतं, "बाई, यांचा एक किस्सा सांगू?" आमचे हे गेले तेव्हा ओटीवर असे इतके किस्से जमले, की रडायला सवड मिळेना. काही मला ठाऊक होते, काही पहिल्यांदाच कळले. आता कोणी यांची आठवण काढली की मीच सांगते.

हे बंदर कचेरीत बत्तीवाले होते. खाडीच्या तोंडाशी टेकाडावर दगडी मनोरा, वर तेलाची बत्ती. दिवस मावळताना लावायची, उजाडल्यावर विझवायची, आणि दिवसा कचेरीत सांगतील ती कामं करायची. मी गावच्या शाळेत मास्तरीण. माझी नोकरी कायम, यांची हंगामी.

त्या काळी हंगामी माणसाची नोकरी सलग वर्षभर होऊ देत नसत. वर्ष भरत आलं की एक दिवस कामावरून कमी करायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने नेमायचं. त्या दिवसाला सगळे 'खंड' म्हणत. खंड पडला की मागची सगळी नोकरी पुसली जाई. कायम झालं तर आजारपणात रजा, म्हातारपणी पेन्शन. सासूबाईंना पेन्शनचं काही कळत नसे. त्यांना एवढंच ठाऊक, की कायम झालेल्या माणसाला कोणी 'ऊठ' म्हणत नाही. आपला झील, आपला मुलगा कायम झालेला बघायचा, ही त्यांची एकच इच्छा होती.

*

पहिला खंड आला तेव्हा निरीक्षकसाहेबांनी यांना समोर उभं केलं. साहेब नियमाला फार पक्के. म्हणाले, "उद्या तुम्ही आमचे कोणी नाही. मनोऱ्यावर पाऊल टाकायचं नाही."

"मग बत्ती कोण लावणार, साहेब?"

साहेबांनी बराच विचार केला. "बत्ती मात्र लागली पाहिजे," म्हणाले, आणि फायलीत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे खाकी शर्ट खुंटीला अडकवून, घरचा सदरा घालून मनोऱ्याशी गेले. दारात कचेरीचा खलाशी भिकू तांडेल बसला होता. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. पण साहेबांनी बजावलं होतं, म्हणून भिकूने रीतसर विचारलं, "कोण तुमी? काय काम आसा?"

"पावणो आसंय. दिवो बघूक इलंय."

भिकू बाजूला सरला. "बघा. आणि बघता बघता लावन टाका. माका काय ता जमाचा नाय."

*

हंगामी माणसाला हक्काची रजा नव्हती. त्यामुळे आमच्या घरातली सगळी कामं खंडाच्या दिवसावर ठेवलेली. दिवसभर हे घरात सापडत ते तेव्हाच. मुलीचं बारसं खंडाला झालं. कौलं चाळली ती खंडाला. दुखरी दाढ काढली तीही खंडाला, तोवर लवंगेवर भागवलं. पुढे पुढे नातेवाईकसुद्धा आधी चौकशी करू लागले, "औंदा तुमचो खंड कधी आसा गो?"

धाकट्या नणंदेचं लग्न ठरवताना भटजींनी मुहूर्त काढून दिला. सासूबाई म्हणाल्या, "तो ऱ्हवांदे. आधी सायबाक इचारा."

*

एका खंडाला मुंबईहून मोठे अधिकारी अचानक तपासणीला आले. हे घरच्या सदऱ्यात, कपाळावर काजळी, बत्तीची काच पुसत होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हा कोण?"

निरीक्षकसाहेबांना खोटं बोलता येईना आणि खरंही सांगता येईना. हेच म्हणाले, "मी गावातला. बत्ती बघायला आलो होतो."

अधिकाऱ्यांनी काच निरखून पाहिली, खूश झाले. "फुकट एवढं काम करतो! असा माणूस तुम्ही नोकरीला का घेत नाही?"

"घेतो साहेब," निरीक्षक म्हणाले. "उद्यापासूनच."

हा किस्सा भिकूने सांगितला तेव्हा ओटीवरचे सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन पाणी प्याले.

*

नवं राज्य झालं, आणि काही वर्षांनी जुन्या हंगामी माणसांना कायम करायचा हुकूम निघाला. यांचंही नाव होतं. भिकूने कचेरीत गूळ वाटला. फक्त एक राहिलं होतं, मोठ्या डॉक्टरांकडून तब्येत तपासून घ्यायची. हे एसटीने जिल्ह्याच्या गावी गेले.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. म्हणाले, "हृदय कमजोर झालंय. मनोरा चढायचा नाही." दाखला मिळाला नाही.

हे परतले ते तडक साहेबांकडे. साहेबांनी नियम काढून वाचले. "कायम नोकरीसाठी तुम्ही अपात्र आहात," म्हणाले. "हंगामीला दाखला लागत नाही. आजपासून मनोऱ्यावर या."

यांनी मला सगळं विहिरीपाशी सांगितलं. "नको जाऊ," मी म्हणाले. एरवी मी त्यांना अहोजाहो करीत असे.

"न जाऊन खाऊ काय? तुझ्या एकटीच्या पगारात भागतंय होय?"

घरात शिरलो तर सासूबाई दारातच. "काय म्हणालो रे डागतर?"

"बरो आसंय म्हणालो."

"मगे कायम झालंस?"

"होय गो आये. झालंय." यांनी खाकी शर्ट घातला आणि टेकाडाकडे निघाले.

सासूबाई दुसऱ्या दिवशी कुणकेश्वराला जाऊन नारळ ठेवून आल्या. त्या वर्षी खंडाच्या दिवशी हे नेहमीच्या वेळी घरातून निघाले आणि सबंध दिवस भिकूच्या पडवीत बसून राहिले.

*

पुढच्या उन्हाळ्यात हे मनोऱ्याच्या जिन्यातच गेले.

तिसऱ्या दिवशी निरीक्षकसाहेब आले. चपला काढून ओटीच्या कडेला बसले. एवढ्या वर्षांत ते आमच्या घरी कधी आले नव्हते. सासूबाई आतून भिंतीच्या आधाराने बाहेर आल्या आणि त्यांच्यापुढे हात जोडले.

"सायबानू, माझ्या झिलाक तुमी कायम केलात. तुमचे लय उपकार झाले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"होय, आई," साहेब म्हणाले. "आमच्याकडे तो कायम होता."