पांढऱ्यात गेलेल्या बांधी

त्या वर्षी ब्रह्मपुरीतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी जादूगार झालो होतो. एका कंत्राटदाराने गावोगावचे जुने नकाशे आणून टाकले होते. पिवळे पडलेले, चहाचे डाग, झुरळांनी कुरतडलेले कोपरे. नकाशा स्कॅन करायचा आणि त्याची साधी काळी-पांढरी फाइल बनवायची, एवढंच काम. अशा फाइलीत प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. करडं, फिकट, अर्धंमुर्धं काही चालत नाही. पुढे संगणकाला त्यातल्या रेघा उचलायच्या असतात.

दुकानात कोणी आलं की मी प्रयोग लावायचो. खुर्ची गर्रकन फिरवायची, "बघा बरं" म्हणायचं आणि बटण दाबायचं. डाग गडप, नाला काळाकुळकुळीत, बाकी कागद धुतल्यासारखा. टपाल द्यायला आलेला पोस्टमनही दुसऱ्यांदा दाखव म्हणायचा.

अडचण एकच होती. पुसट पेन्सिलीची खरड काळ्या खड्यांसारखी विखरून उमटायची आणि फाइल परत यायची. मी उपाय काढला. स्कॅन करण्याआधी नकाशा टेबलावर पसरायचा आणि खोडरबराने घासून लख्ख करायचा. शाईला धक्का लागत नव्हता. तुझ्या फाइली सगळ्यांत स्वच्छ, असं कंत्राटदार म्हणाला, आणि पुढचा महिनाभर मी ते येईल त्याला ऐकवलं.

नकाशे कचेरीत परत गेल्यावर काही महिन्यांनी वैनगंगेपलीकडून एक म्हातारा आला. जंगलातल्या जमिनीचा वनहक्काचा दावा टाकायचा होता, पुराव्याला गावाचा नकाशा हवा होता. मी मोठं प्रिंट काढून काउंटरवर पसरलं. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"माह्या बांधी कुठी हायेत, भाऊ?"

बांधी म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे.

"नकाशात नाहीत, बाबाजी."

"नाई काऊन? पटवाऱ्यानं माह्यासमोर काढल्या होत्या. पेन्सिलीनं."

"पेन्सिलीनं?"

"जंगलाची जमीन ना. म्हणे, शाईनं काढल्या त साहेब मले धरन. पेन्सिल असली त साहेब आल्यावर खोडता येते." तो हसला. "माह्या बापानं कोंबडा देल्ला होता त्याले."

खोटं बोलायला मी कच्चा नाही, पण तेव्हा जमलं नाही.

"मी खोडल्या, बाबाजी. नकाशा साफ करताना."

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाही."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पटवारी उगाच भेत होता. साहेब कधी आलाच नाई. तू आला."

मी त्याच्यासोबत कचेरीत गेलो, खोडल्याचं लिहून द्यायला. बाबूने कागद पुढे केला. "काय खोडलं ते लिहा. तुकडे किती? नाल्याच्या कोणत्या अंगाला?"

मला सांगता येईना. त्या नकाशावर तासभर वाकून मी घासलं होतं, आणि काय घासतो आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला प्रत्येक बांध ठाऊक होता. पण दावा त्याचाच, म्हणून त्याचा शब्द चालणार नव्हता, आणि त्याच्यासोबत ती जमीन फोडणारे सगळे मरून गेले होते.

दावा परत आला. नकाशात नोंद नाही, असा शेरा होता.

तो पुन्हा दुकानात आला तेव्हा मला वाटलं भांडायला आला. त्याला ते प्रिंट हवं होतं.

"आता काय कराल त्याचं?"

"घरी ठेवीन."

मी कागदाची घडी घालू लागलो. त्याने माझा हात धरला आणि कोऱ्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथून नोको मोडू. बांधी हायेत इथी."

मग मी त्या कागदाची गुंडाळी केली, वर जुनं वर्तमानपत्र लपेटलं आणि दोन ठिकाणी सुतळी बांधून दिली.