वीसपैकी वीस

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चित्रांना वारा देणं. दरवर्षी दिवाळी झाली की पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायची, गच्चीवर न्यायची, चादर बांधून सावली करायची आणि एकेक चित्र मोकळं करायचं. उन्हात ठेवायचं नाही, ऊन रंग खातं. जुना कडुलिंबाचा पाला काढून नवा वाळलेला घालायचा. चित्रं अठरा. प्रत्येकावर बटर पेपर.

ती चित्र उचलून माझ्यापुढं धरायची. मी बटर पेपरचा खालचा कोपरा वर करून पेन्सिलीनं लिहिलेला आकडा वाचायचो. वीसपैकी वीस. पुढचं घे. वीसपैकी वीस. अठरा वेळा तेच. मी आकडा बघायचो, चित्र ती बघायची.

त्या दिवशी एका चित्राला ती म्हणली, "वारा लई सुटलाय. सगळा कागद नका उचलू, आकडा बघा अन् ठेवा." मी आकडा बघितला आणि ठेवलं.

पेटीचं झाकण नीट बसत नाही. त्याच्यावर कोणीतरी बसलं तरच कडी लागते. दरवर्षी ती बसायची, मी कडी लावायचो. त्या दिवशी ती बसली, झाकण खाली गेलंच नाही. "माझ्यात वजन नाय राहिलं," ती हसून म्हणली, "आता तुम्हीच बसा, मी लावते कडी." मीही हसलो. बसलो. तिनं कडी लावली.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. ताप डोक्यात गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. मला तेवढंच माहीत होतं.

आता आकड्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. गुलमंडीच्या मागं माझं स्क्रीन छपाईचं दुकान होतं. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, दुकानांच्या पाट्या. लाकडी फ्रेमला बारीक जाळी ताणायची, वर शाई ओतायची आणि रबरी पट्टीनं एका दमात ओढायची. शाई जाळीतून खाली कागदावर उतरते. एका रंगाला एक फ्रेम. मी उजव्या हातानं ओढायचो, ती डावखुरी, डाव्यानं. तिनं ओढलेल्या कागदावर शाई डाव्या अंगाला जरा जास्त बसायची. दुसऱ्याला कळणार नाही, मला लांबून कळायचं.

एक चित्रकार मास्तर यायचे आमच्याकडं. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांची चित्रं म्हणजे माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग. मी एकदा विचारलं, मास्तर, ह्यात हाय काय? ते म्हणले, "मिस्त्री, ढूंडो नक्को, देखो बस." मला काही दिसलं नाही. तिला दिसायचं. ती म्हणायची हे सारवलेलं आंगण, ही त्यात वाळत घातलेली मिरची.

मास्तरांचा नियम कडक. एका चित्राच्या वीस प्रती. प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा आणि खाली सही. विसावी माझी. मग त्यांच्या डोळ्यांदेखत जाळी धुवायची, परत एकही निघता कामा नये. चाचणीला ओढलेले कागद फाडायचे. एवढ्या वर्षांत मी हा नियम कधी मोडला नाही. आयुष्यात अभिमान धरावा असं माझ्याकडं तेवढंच होतं. मास्तर पुढं हैदराबादला लेकाकडं गेले, पण अठरा चित्रं पेटीत राहिली, सगळी विसावी, सगळी खरी.

तेरावं झालं आणि तिच्या मोबाईलवर फोन आला. एक बाई बोलत होती. म्हणली, आजी काल आल्या नाहीत, बाटली ठेवून घेतलेली आहे. मी म्हणलो, कसली बाटली? ती म्हणली, रक्ताची.

जालना रोडवरचा तो लहान दवाखाना. मी दारात जाऊन ती गेल्याचं सांगितलं. फोन केलेली सिस्टर तीच. तिचे डोळे भरले, मग तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बाबा, आत्ता मिळाला होय वेळ?"

मला काही समजेना. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून सगळं सांगितलं. तिच्या अंगात रक्त तयार व्हायचं थांबलं होतं. सव्वा वर्षापासून दर तिसऱ्या मंगळवारी ती येऊन चार तास पडून रक्त घ्यायची. घरचं कोणी का येत नाही, असं बाईंनी विचारलं, तर तिचं एकच उत्तर. मालकांना सगळं माहीत आहे, पण त्यांना दुकान सोडता येत नाही.

दुकान बंद करून मला तीन वर्षं झाली होती. घरात बसून आठवड्याला शंभर-दोनशे पिशव्या छापत होतो, तेवढंच.

मंगळवारी ती मला सांगून जायची, गुलमंडीला जाते, ब्लाऊजपीस बघायला. मी टोमणे मारायचो, एका पिसाला चार तास लागतात तर साडीला मुक्कामच कर तिथं. ती लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवायला लागली, तेव्हा मी म्हणलो म्हातारपणी फॅशन सुचली. हातावर कापूस दिसला, तर म्हणली बांगड्या भरताना काच लागली. सगळं ऐकून घेतलं मी. आणि इकडं सव्वा वर्ष ह्या लोकांच्या लेखी मी कोण? बायकोला रक्त चढतंय आणि एकदाही न आलेला माणूस.

मला काहीच माहीत नव्हतं, हे सिस्टरला आता कळलं होतं. तिनं पाणी आणून दिलं. मग म्हणली, आजींची खोली बघता का.

खोलीत एक पलंग आणि समोरच्या भिंतीवर चौकटीत चित्र. काळा पट्टा, खाली हळदी रंगाचे दोन डाग, कडेनं गंजाचा रंग ओघळलेला. मी जवळ गेलो. कोपऱ्यात मास्तरांची सही. वीसपैकी वीस.

सिस्टर म्हणली, गेल्या वर्षी आजींनी स्वतः आणून दिलं, इथं लावा म्हणल्या, नुसती भिंत बघून जीव घाबरतो. "आम्हाला दाखवायच्या. म्हणायच्या, हे आमच्या ह्यांनी ओढलंय, रंगाची धार बघा कशी सरळ हाय."

डॉक्टरीणबाई चित्र घेऊन जा म्हणल्या. मी नाही म्हणलो आणि बाहेर पडलो.

घरी आलो तो रागानंच. आजार लपवला तो लपवला. पण पेटीत अठरा चित्रं मी माझ्या हातानं मोजली होती. एक दवाखान्यात असेल, तर पेटीत एक खोटं होतं. माझ्या पेटीत खोटा आकडा, आणि तो मला वाचायला लावणारी ती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ह्याचाच राग जास्त आला. त्या दिवशी पेटी उघडली नाही. तिच्यावर बसून राहिलो, कडी गच्च असूनही.

बसल्या बसल्या एक गोष्ट आठवत होती, आठवू नये असं वाटत असताना. मागं तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावरही मी तिला वर्षभर फ्रेमला हात लावू दिला नाही. गप एका जागी बस म्हणलो. ती रोज दुकानात यायची आणि स्टुलावर बसून माझा हात बघायची. एकदा रडली, तर मी म्हणलो, रडायला काय झालं, आराम मिळतोय की. तिनं तो आराम लक्षात ठेवला असणार. तरी सांगायला पाहिजे होतं. हे मी आजही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच पेटी उघडली. गच्चीवर नेली नाही, खोलीतच सगळी चित्रं मांडली आणि सगळे बटर पेपर काढून टाकले. अकरावं ते होतं. तोच काळा पट्टा, तेच हळदी डाग, पण डाग बोटभर सरकलेले आणि पिवळी शाई डाव्या अंगाला जाड. तिच्या हातची. चाचणीचा कागद. उलटा केला तर मागं निळ्या खडूची मोठी फुली, माझीच. तो दिवस आठवला. तिचा पिवळा सरकला म्हणून मी मास्तरांसमोर तिला बोललो होतो आणि कागद फाडायला तिच्याकडंच दिला होता. तिनं फाडला नव्हता. पुढं कोपऱ्यात तिनं पेन्सिलीनं वीसपैकी वीस लिहिलं होतं, वीसमधलं शून्य नेहमीसारखं अर्धवट उघडं. दर दिवाळीला मी वाचलेल्या अठरा आकड्यांत गेल्या दोन दिवाळ्या हा होता, आणि मला तिचं अक्षरही ओळखू आलं नाही.

खोडरबर शोधायला वेळ लागला. कागद टेबलावर सपाट धरून मी तो आकडा खोडला, सहीच्या जागी तिनं ओढलेली रेघही खोडली. मागच्या फुलीवर बराच वेळ रबर घासला, पण खडू मेणाचा होता, निघाला नाही. मग दोरीवर दोन चिमटे लावून, ओले कागद वाळत घालायचो त्या जागी, तो कागद टांगला आणि समोर तिचं स्टूल घेऊन बसलो.