शिंदीच्या चटईवरचं बाळ

काल बाजारात शिंदीच्या पानांच्या नव्या चटया दिसल्या. त्यांचा ओलसर, हिरवट वास नाकात शिरला आणि मी थेट कुरखेड्याकडच्या, मी शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या पहिल्या शाळेत पोचले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शाळा उघडून पंधराएक दिवस झाले होते. टेबलावर पट्टी आपटून आणि ओरडून माझा घसा बसला, तरी वर्ग काही गप्प बसेना. त्यात मुली कडेवर धाकटी भावंडं घेऊन यायच्या. "उद्यापासून बाळं आणायची नाहीत," मी बजावलं. दुसऱ्या दिवशी मुलींची अर्धी रांग रिकामी.

संध्याकाळी मी चौथीतल्या सुमनच्या घरी गेले. ती भावाला झोका देत होती.

"माय धानाच्या रोवण्याले जाते, बाई. याले कुठी ठेवू?"

मी खजील झाले. "उद्या त्यालाही घेऊन ये," म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात मागे शिंदीची चटई अंथरली. सुमननं बाळाला थोपटून निजवलं. गलबला सुरू होताच मी सवयीनं पट्टी उचलली.

"हळू ना, बाई! आत्ताच झोपला तो," सुमन कुजबुजली.

अख्खा वर्ग ओठांवर बोट ठेवून माझ्याकडेच बघत होता. मी पट्टी खाली ठेवली आणि हलक्या आवाजात कविता म्हटली. ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

पट्टी मी पुन्हा कधी आपटली नाही. वर्ग कसा सांभाळायचा हे मला एका नऊ वर्षांच्या मुलीनं शिकवलं, भाऊ सांभाळता सांभाळता.