काशीबाई आणि आमच्या केळीचं पाणी

अभिजित, तो बोर्ड आजच्या आज उतरव.

काशीबाई गेल्या. आज सकाळी, लेकीच्या घरी. नव्वदी गाठली होती.

तुम्ही त्यांना ओळखत नाही. अभिजित ओळखतो.

अभिजित माझ्या काकांचा नातू. जळकोटच्या पुढं आमच्या जुन्या घराचं त्यानं फार्म-स्टे केलंय. तिथं केळीत एक बोर्ड लावलाय आणि फोटो टाकून मला टॅग केलंय.

"निजामाच्या काळापासून अंघोळीच्या पाण्यावर केळी. आमच्या आजोबांची दूरदृष्टी."

दूरदृष्टी!

काकांना भिंतीपलीकडचं माणूस दिसत नव्हतं.

ती केळी कशी लागली ते ऐका. मी तिथं होते.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधीचा उन्हाळा. मी आठ वर्षांची, सोलापूरच्या कॉन्व्हेंटातून सुटीला आलेले. वडील हैदराबादला नोकरीला, घरात काकांचा शब्द.

आमच्या विहिरीला पाणी होतं. काशीच्या वस्तीचा झरा आटला होता, आणि त्यांना आमच्या विहिरीला शिवायची बंदी होती.

न्हाणीचं पाणी भिंतीच्या भोकातून बाहेर पडायचं. तिथं काशी घागर लावून बसायची. बारा-तेरा वर्षांची पोर.

एका सकाळी मी अंगावर पाणी घेणार, तर भोकातून आवाज आला.

"ताई, आज साबन लावू नगा."

"का गं?"

"आजीला ताप आलाय. पेज करायचीय. गढूळ चालतंय, फेस नगं."

मी साबण खाली ठेवला.

पण काका अंगणात दाढी करत होते. त्यांनी ऐकलं.

"वा! आता आम्ही अंघोळ कशी करायची, तेही ह्यांना विचारायचं?"

आई हळूच म्हणाली, "भावजी, विहिरीची एक घागर देऊ का? लांबूनच ओतते."

"आज घागर द्या वहिनी, उद्या विहीरच द्या."

संध्याकाळपर्यंत गड्यानं चर खणला. बाहेर जाणारं पाणी परसात वळवलं. वळवलंच आहे तर वाया कशाला जावं, म्हणून काकांनी तिथं केळीचे कंद लावले.

ही तुमची दूरदृष्टी.

दुसऱ्या दिवशी काशी आली. कोरड्या भोकापाशी घागर लावून बसली.

"ताई, न्हायला न्हाय का आज?"

मी अंगावरून पाणी ओतत होते. तिला आवाज येत होता. पाणी येत नव्हतं.

काशीची आजी त्याच उन्हाळ्यात गेली. तापानं की तहानेनं, आमच्या घरात कोणी विचारलं नाही.

केळी मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्ली. गोड होती.

हे लिहिताना मान वर होत नाही.

रिटायर झाल्यावर मी काशीबाईंना शोधून काढलं. माफीचं काहीतरी सुंदर बोलायची तयारी करून गेले होते. त्यांनी बोलूच दिलं नाही.

"बसा की ताई. च्या घ्या. आमच्या नळाचं पानी हाय, चालंल नव्हं?"

आणि खदखदून हसल्या.

मी दोन कप प्यायले. दुसरा मागून घेतला.

आज अभिजितला फोन केला. म्हणाला, "आत्या, किती जुनं झालं ते! गेस्टना पॉझिटिव्ह स्टोरी लागते."

पाणी वाचवा ना. जरूर वाचवा. माझ्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनचं पाणी बादल्यांत धरून मी संडासात वापरते, या वयात. पण एका तहानलेल्या घरापासून तोडलेल्या पाण्याला वारसा म्हणू नका.

बोर्ड ठेवायचाच असेल तर त्यावर काशीबाईंचं नाव घाल. आणि त्यांची घागर का रिकामी परत गेली, तेही लिही. गेस्टना वाचू दे.

"भावपूर्ण श्रद्धांजली" लिहायला हात धजत नाही. तेवढा हक्क आमच्या घरानं ठेवलेला नाही.

काशीबाई, आज मी साबण लावला नाही.